बिनगोळीचा बार

चहा आधी पिऊन घ्या. घोट तोंडात असताना हसलात तर शर्ट माझाच भिजेल, कारण मी समोर बसलोय. आता ऐका! मी एकदा शहापूरला भरदुपारी, माणसांच्या गराड्यात मेलो होतो.

खोटं वाटतंय? रडलेली माणसं अजून हयात आहेत.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी दिवसा शाळेत क्लार्क आणि दिवाळी झाली की नट. आमच्या करडीत धान कापून झालं की नाटक हवंच. आमच्या मंडळाचे दिग्दर्शक दयारामभाऊ. गळ्यात शिट्टी, तोंडात शिव्या आणि मन लोण्यासारखं. त्यांनी आजवर मला एकच काम दिलं, मरायचं! कधी दरोडेखोर म्हणून मेलो, कधी हिरोइनचा बाप म्हणून. विंगेत एक जण सुतळी बॉम्ब फोडतो, धडाम झालं की मी कोसळतो. भाऊंचा नियम कडक. मेलेल्याने हलायचं नाही, डास चावला तरी. शिट्टी वाजली की पडदा पडतो, मग उठायचं, पुढे येऊन प्रेक्षकांना हात जोडायचे.

मरण्यात माझा हात धरणारा आमच्या अख्ख्या झाडीपट्टीच्या मुलखात नाही, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

पण घरी पंचाईत! माझ्या सासूबाई दरवर्षी एकोडीहून नाटक पाहायला येतात आणि पहिल्या रांगेत बसून मी मेलो की खरंखुरं रडतात. मागच्या वर्षी मात्र त्यांनी जाताना निर्वाणीचं सांगितलं.

"जवाईबापू, दरसाल माह्या पोरीचं कुकू पुसल्यावानी वाटते, मले लय तरास होते. पुढल्या साली तुमी मेले तर मी नाटकाले येत नाही, अन् घरीही येत नाही!"

बायको माझ्याकडे पाहून म्हणाली, "ऐकलं ना? आता दुसऱ्याले मारा."

म्हणजे बघा, नवऱ्याला खून करायला लावणारी बायको माझ्याच नशिबी! पण झालं असं की यंदाच्या नाटकात इंग्रजांच्या काळातला बंडखोर जमादार होता. शेवटच्या अंकात तो गोऱ्या साहेबावर बंदूक चालवतो आणि स्वतः जिवंत राहतो. मी भाऊंच्या मागे लागलो. त्यांनी मला लाकडी बंदूक धरायला लावली आणि कपाळावर हात मारला.

"अबे, बंदूक धरून राह्यला का मुसळ? पब्लिक हसून मरंल, साहेब राहील जित्ता! जा, आधी शिकून ये, मंग पाहू."

शिकायचं कुठे? तर शहापूरला एका निवृत्त सुभेदार साहेबांनी शनिवार-रविवारचं शिबिर ठेवलं होतं, नेमबाजी आणि बंदुकीचा इतिहास. मी नाव घातलं. बायकोने डबा दिला, एकोडीला फोन करून "हे गोळी चालवायले शिकून राहिले" असं आईला कळवलंही. आता परत फिरायची सोय नव्हती.

शनिवारी सगळा इतिहास. सुभेदार साहेब उंच, मिशा वळलेल्या, आवाज असा की झाडावरचे कावळे सावधान उभे राहावेत. त्यांनी वातीने पेटणारी तोड्याची बंदूक समजावली, ठासणीची समजावली. बारूद घाला, चिंधी कोंबा, गोळी टाका, गजाने ठासा, मग बार. "एक बार काढून दुसरा भरेपर्यंत," ते म्हणाले, "वाघ जेवून, पाणी पिऊन, निघून जायचा." आम्ही हसलो. त्यांनी पाहिलं. आम्ही हसायचं थांबलो.

शिस्त फार! पान, तंबाखू, खर्रा एकदम बंद. आता तुम्हीच सांगा, भंडारा जिल्ह्यातल्या माणसाने दोन दिवस तोंड रिकामं ठेवायचं म्हणजे काय? रविवारी जेवण झाल्यावर मी एक कत्था लावलेलं पान हळूच गालात दाबलं. थुंकायला जागा नव्हती, गिळायची हिंमत नव्हती. गाल भोपळ्यासारखा.

पुढे नेम धरायची पाळी होती. मी खूश! त्याआधी साहेब म्हणाले, "आता जुन्या ठासणीच्या बंदुकीचा बार दाखवतो. एका जुन्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या घरची आहे, परवान्याची. घाबरायचं नाही. गोळी नाही, नुसतं बारूद." आम्ही बाजूला रांगेत. बंदुकीचं तोंड दुसरीकडे, मोकळ्या बांधाकडे.

मी सगळं ऐकलं होतं. समजलं होतं. मानसुद्धा हलवली होती.

धडाम!

आणि मी मेलो!

अहो, मी कुठे मेलो, शरीर मेलं! इतक्या वर्षांची सवय. दोन्ही हात छातीवर, एक गिरकी, गुडघे टेकले, "माय माझीऽऽ!" म्हणून आडवा. आणि माय म्हणायला तोंड उघडलं तशी गालातल्या पानाची लाल धार हनुवटीवरून थेट पांढऱ्या शर्टावर.

मग भंडाऱ्याहून आलेली एक कॉलेजची मुलगी अशी किंचाळली की बंदुकीचा आवाज फिका पडला.

"गोळी लागली! यांना गोळी लागली!"

आता तुम्ही म्हणाल, उठायचं ना लगेच! पण शिट्टी कुठे वाजली होती? पहिला थोडा वेळ मी निव्वळ सवयीने पडून राहिलो. आणि जेव्हा भान आलं, तेव्हा उशीर झाला होता. भोवती माणसं जमलेली, कोणी पाणी आणा म्हणतंय, कोणी गाडी काढा. मेल्याचं नाटक कसं करायचं हे मला येतं हो, पण मेलेल्याने मधेच उठून "माफ करा, चुकून मेलो" कसं म्हणायचं, याची तालीम आमच्याकडे कोणी घेतलेलीच नाही!

तेवढ्यात एक पोट सुटलेले काका गर्दीत घुसले. "सरका, मले फस्टेड येते!" त्यांनी माझ्या नाकाशी बोट धरलं. श्वास रोखण्यात तर मी पटाईत.

"श्वास नाही!"

असं म्हणून ते दोन्ही हातांनी माझी छाती दाबायला लागले. दाबलं की पानाचा रस बाहेर, दाबलं की बाहेर.

"अरे बाप्पा, आतून रक्त येऊन राह्यलं!" काका ओरडले आणि स्वतःच चक्कर येऊन माझ्या शेजारी आडवे झाले. आता दोन पडले.

पण खरं सांगू? माझी मस्ती तिथे उतरली, कारण मी डोळ्यांच्या फटीतून सुभेदार साहेबांना पाहिलं. त्यांनी बंदूक खाली ठेवली होती आणि माझ्या पायाशी बसले होते. मिशा थरथरत होत्या.

"गोळी टाकलीच नव्हती रे मी," ते पुटपुटत होते. "की चुकून टाकली, अन् बांधावरच्या दगडाला लागून परतली? सारी उमर सरहद्दीवर गेली, कधी चुकीचा बार नाही काढला. अन् आता पेन्शनीत गरीब माणूस मारला!"

मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की वाटलं खरंच मेलो असतो तर बरं झालं असतं.

आणि तेव्हाच मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. दयारामभाऊ! शिबिराच्या शेवटी मी बंदूक कशी धरतो ते पाहायला येणार होते. गर्दी बाजूला सारत ते आले, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"कोन मेलं?" साहेबांना विचारलं.

"हा. माझ्या हातून."

"हा?" भाऊंनी मान वाकडी केली. "डावा पाय पहा ना, कसा दुमडला हाये. हा मरताना दरवेळी तसाच दुमडते. शंभरदा सांगतलं, आयकत नाही."

आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

मी उठलो! दोन पावलं पुढे आलो. लाल शर्टानिशी सगळ्यांना हात जोडले आणि वाकून नमस्कार केला.

शेजारचे फस्टेडवाले काका नुकतेच शुद्धीवर आले होते. मला उभा पाहून ते पुन्हा गेले.

साहेबांनी आधी मला कडकडून मिठी मारली. "जित्ता हायेस ना बे? जित्ता हायेस ना?" मग त्यांना पानाचा वास आला. मिठी सुटली आणि मला हात वर करून मैदानाला चकरा मारायला लावलं. मी धावत असताना इकडे दोघांचं बोलणं जमलं. साहेब सावरले होते, बंदूक पुन्हा खांद्याला लावून कशी धरायची ते भाऊंना दाखवत होते. भाऊंचे डोळे चमकले.

"साहेब, आमच्या नाटकात जमादाराचं काम करान का? काय ते धरणं हाये तुमचं!"

"करतो ना! पण समोर मरणारा कोन?"

दोघांनी मैदानाकडे पाहिलं. मी धावतच होतो.

असं झालं बघा. नेमबाजीच्या शिबिरातून एकही गोळी न झाडता परत आलेला मी एकटाच, आणि यंदा गोरा साहेबही मीच. घरी बायको हसता हसता जमिनीवर बसली. पण सासूबाईंना कोण सांगणार? शेवटी मीच फोन लावला, सगळं कबूल केलं, म्हटलं, "आई, यंदाही मरणारच आहे. रागावू नका, पण याच."

पलीकडून सासूबाई सुस्कारा टाकून म्हणाल्या, "येतो बापू. पण दयारामले सांगा, तुमाले पयल्याच अंकात मारून टाक म्हणा. एकदा रडून मोकळी झाली का बाकीचं नाटक मले मजेत पाहता येईल!"