लाल मफलरवाला परत आला

माझी मुलगी ही बातमी ओरडत अंगणात आली, तेव्हा मी पिकअपच्या मागच्या फळीची कडी लावत होतो.

"बाबा, तो परत आला! लाल मफलरवाला!"

मी कडी लावली, फळी ओढून पाहिली आणि मग विचारलं, "कोणता?"

"अहो तोच, तुमचावाला! आज सकाळी नवा भाग आला. त्याचा गेंडा नाही सोबत. एकटाच आला."

हे कार्टून मी तिच्या वयाचा होतो तेव्हाही लागायचं. हिंदी आवाजातलं, राक्षसांच्या झुंजीचं. फाटक्या बुटांचा एक मुलगा गावोगाव फिरतो. त्याच्याकडे एक घंटी असते, ती वाजवली की त्याचा राक्षस बाहेर येतो आणि दुसऱ्याच्या राक्षसाशी भिडतो. गोष्ट एवढीच. माझे केस विरळ झाले, त्या मुलाचे बूट मात्र अजून तेवढेच फाटलेले आहेत. लाल मफलरवाला हा त्याचा वैरी. त्याच्याकडे एक दगडी गेंडा होता. शेवटची मोठी झुंज हरल्यावर त्याने भर मैदानात आपली घंटी फोडली आणि डोंगराकडे चालत गेला. त्यानंतर तो कधी दिसला नाही. मी लहान होतो. मला वाटलं होतं की पुढच्या आठवड्यात येईल.

आमच्या घरी टीव्ही नव्हता. मी हे कार्टून घाटंजीत एका बाबूच्या घरी बघायचो. बाबू म्हणजे कचेरीतले कारकून. आमच्या घरचं दूध त्यांच्याकडे जायचं आणि ते पोचवायचं काम माझं. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. तो दिवाणावर लोळून बघायचा, मी दाराशी दुधाची कॅन घेऊन बसायचो. तो फाटक्या बुटवाल्याच्या बाजूने असायचा आणि मी मफलरवाल्याच्या. बुटवाल्याला वाटेत भेटेल तो माणूस काहीतरी देत असे. मफलरवाल्याला कोणी काही दिलं नव्हतं, त्याने जे मिळवलं ते स्वतः मिळवलं होतं.

"तुह्यावाला हरणारच हाय," बाबूचा मुलगा म्हणायचा, "कायले जीव लावतं बे?"

चिप्सच्या पुड्यातून तेव्हा या राक्षसांची चित्रं निघायची. आम्ही त्यांचा सौदा करायचो, तोही टॉवेलखाली हात धरून. ही रीत मी त्याला शिकवली. बैलबाजारात दलाल असेच बसतात. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा. किती बोटं धरली, कशी दाबली, नख कुठे फिरवलं, त्यावरून आकडा कळतो. चारचौघांत उभं राहून भाव ठरतो आणि चारचौघांतल्या एकालाही तो कळत नाही. दाब ओळखायला बाबूच्या मुलाला वेळ लागायचा. ओळखला की तो हसायचा.

दहावीत तो नापास झाला, मीही झालो. मी बाजारात गेलो याचं कोणाला काही वाटलं नाही. माझ्या मागोमाग तो आला, तेव्हा त्याच्या घरात रडारड झाली. बाबूचा मुलगा बैलांची शेपटं पिळणार, असं म्हणून त्याच्या आईने माझ्या हातचं दूध घेणं बंद केलं. आम्हा दोघांना एका म्हाताऱ्या दलालाने हाताशी धरलं. त्यांना आम्ही काका म्हणायचो. काकांनी आम्हाला बैलाचे दात पाहायला शिकवलं, खूर पाहायला शिकवलं आणि एक नियम सांगितला. दुपट्ट्याखालचा आकडा तोंडातून निघाला की तो माणूस दलाल राहत नाही.

तो नियम बाबूच्या मुलाने मोडला. माझा स्वतःचा पहिला मोठा सौदा होता. बाभुळगावकडच्या एका शेतकऱ्याची पांढरी जोडी, अशी की बाजार थांबून बघत होता. आमचा भाव जवळपास जमला होता. शेतकरी फक्त घरच्यांना विचारून येतो म्हणाला. मी चहाच्या टपरीवर बसून बाबूच्या मुलाचा हात ओढला आणि गमतीत, जुन्या सवयीने, तो आकडा त्याच्या बोटांवर दाबून सांगितला. तो हसला. चहा संपेपर्यंत तो आकडा दुसऱ्या व्यापाऱ्याकडे पोचला होता. त्या व्यापाऱ्याने शेतकऱ्याच्या हातावर थोडा जास्त भाव दाबला आणि जोडी घेऊन गेला.

मी बाबूच्या मुलाला बाजाराच्या मधोमध मारलं. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. मारून झाल्यावर मोठ्याने सांगितलं, "याच्या हातात जो हात देईन, त्यानं माह्याकडं पुन्हा यायचं नाही." तेव्हा मला कोणी विचारत नव्हतं. पण मी वाढलो. पायी बैल हाकणारा मी पिकअप घेऊन राळेगावपासून इकडचे सगळे बाजार करू लागलो आणि माझं ते वाक्य माझ्याबरोबर वाढलं. कोणी त्याला हात देईना. तो तेलंगणाकडे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेला. बारा गावचा बाजार फिरलो, पण तो राग मी कुठे विकला नाही.

मुलीने बातमी दिली त्याच्या आधीच्या बाजारात तो मला दिसला होता. पत्र्याच्या शेडखाली उभा, खांद्यावर दुपट्टा, शेजारी एक लाल जोडी. बारीक झाला होता. बाजार सुटेपर्यंत तो तसाच उभा होता. कोणी बैलांचे दात पाहिले, कोणी पाठीवरून हात फिरवला, पण त्याच्या दुपट्ट्याखाली कोणी हात घातला नाही. तोंडी भाव बोलणाऱ्याला आमचा बाजार गिऱ्हाईक समजतो, दलाल नाही. हात मिळाला नाही तर त्याला जोडी घेऊन परत जावं लागणार होतं, आणि पुन्हा इथे येऊन उभं राहण्यात अर्थ नव्हता.

काका आता काठी टेकत येतात आणि बाकावर बसून राहतात. ते मला म्हणाले, "त्याच्या सासऱ्याची जोडी हाय. तू हात दे, मंग बाकीचे देतीन."

"मी कायले देऊ?"

"नको देऊ. मी बी कुठं म्हणून राह्यलो दे म्हणून."

निघताना तो माझ्या पिकअपजवळ आला होता. नमस्कार नाही, काही नाही. "एक डाव हात दे. बस," एवढंच म्हणाला. मी गाडी सुरू केली. खरं सांगायचं तर मी रागाची वाट पाहत होतो. मी तापट माणूस आहे. भाजीवाल्याने वजनात काटा दाबला तरी माझी कानशिलं गरम होतात. ज्या माणसासाठी इतकी वर्षं शब्द जमवून ठेवले, तो समोर उभा होता आणि मला काही झालं नाही. गाडीत बसून मी दोन शिव्या देऊन पाहिल्या. त्याही दुसऱ्या कोणाच्या तोंडून आल्यासारख्या वाटल्या.

तर मुलीने मला मोबाइलवर तो भाग बघायला बसवलं. मफलर विटलेला होता. मफलरवाला घाटातून खाली उतरला आणि बुटवाला मुलगा त्याच्याकडे पळत सुटला. त्याने काही विचारलं नाही. आपल्या चुलीवरचं भांडं उतरवलं, अर्धं त्याच्या पुढ्यात ठेवलं, आणि दोघं जेवले. माझी मुलगी ओढणीने डोळे पुसत होती.

मी विचारलं, "यानं माफी मागितली का?"

"नाही."

"मंग?"

"मग काय बाबा! तो आला ना. आता दोघं मिळून लढतील."

"एवढ्यावर?"

"तुम्हीच तर म्हणायचे, तो तुमच्या पार्टीचा आहे. आता आला तर तुम्हाला आनंदच नाही!"

मला खरंच आनंद झाला नव्हता. लहानपणी ज्याची मी आठवडेच्या आठवडे वाट पाहिली, तो परत आला होता, आणि मी त्याच्या विटलेल्या मफलरकडे बाजारात आलेल्या उतरत्या वयाच्या बैलाकडे बघावं तसा बघत होतो.

"तुम्ही असते तर घेतलं असतं त्याला?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

पुढच्या बाजाराला तो पुन्हा शेडखाली होता. जोडी तीच, धुऊन आणलेली. शिंगांना तेल लावलेलं. दुपार कलायला लागली तरी त्याचा दुपट्टा खांद्यावरून खाली आला नव्हता. मी दोनदा त्याच्यासमोरून गेलो. तिसऱ्यांदा थांबलो. का थांबलो, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. जोडी चांगली होती, हे एक कारण मी स्वतःला दिलं. मी दात पाहिले, खूर पाहिले आणि हात पुढे केला.

बाजार गप्प झाला, असं मी लिहिणार नाही. बैल हंबरत होते, चहावाला ओरडत होता. पण दलालांच्या माना वळल्या, एवढं मला दिसलं.

त्याने दुपट्टा टाकला. मी आत त्याची बोटं धरली आणि अपमान होईल असा भाव दाबला. असा भाव दिला की समोरचा हात झटकतो, निदान हसतो तरी. त्याने मान हलवली, जशी विचार करताना हलवतात तशी. मी त्याहून खालचा भाव दाबला. पुन्हा तशीच मान. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो माझ्या तोंडाकडे बघतो आहे. सौदा करणारा कधी तोंडाकडे बघत नाही, तो दूर कुठेतरी बघतो, कारण त्याचं सगळं लक्ष बोटांत असतं. मी त्याच्या मधल्या बोटाच्या टोकाला नख लावलं. मग जोर लावला. त्याच्या तोंडावर काही आलं नाही.

"कवापासून?" मी हळूच विचारलं.

"जिनिंगच्या प्रेसमंदी सापडला होता हात. बोटं हायेत, त्याईच्यात जीव नाही."

"मंग बाजारात कायले आला?"

"दुसरं काय येते मले?"

"कोणाले ठाऊक हाय?"

"तुले. आत्ता." त्याने दुसऱ्या हाताने दुपट्टा नीट ओढून घेतला. "बाकीच्यांनी हात दिला असता त लुटलंच असतं मले."

"अन् मी?"

"तू बी लुटशीन. पण तू लुटलं त फिटंफाट होईन. म्हणून तुलेच हात मागतला."

त्याचा हात माझ्या हातात होता, मेलेल्या पाखरासारखा हलका. मी काहीही आकडा म्हणू शकत होतो. त्याने मान डोलावली असती, आणि दुपट्ट्याखाली झालेला सौदा इथे मोडत नाही. त्याच्या सासऱ्याची जोडी मातीच्या भावाने माझ्या गाडीत चढली असती आणि आमचं जुनं खातं तिथल्या तिथे बंद झालं असतं. तो त्यासाठीच आला होता. जोडी विकायला कमी आणि ही फिटंफाट विकत घ्यायला जास्त.

पण मी व्यापारी माणूस आहे. माझा राग मी इतकी वर्षं दाणापाणी घालून सांभाळला होता. तो एका लाल जोडीवर सोडून द्यावा, एवढा तो स्वस्त नव्हता.

मी दुपट्टा त्याच्या कोपरापर्यंत वर ओढला. बोटं सोडली आणि मनगटाच्या वर हात नेला. "इथं कळते का?"

"हाव."

मग मी त्याच्या हातावर, जिथे जीव होता तिथे, त्या जोडीचा खरा भाव दाबून सांगितला. तो आकडा मी इथे लिहिणार नाही. बाबूचा मुलगा पहिल्यांदा दूर बघायला लागला, शेडच्या पलीकडे, उकिरड्यावरच्या बगळ्यांकडे. दाब ओळखायला त्याला अजून तेवढाच वेळ लागत होता. ओळखला, पण हसला नाही.

"एवढा?" तो म्हणाला.

"भाव हाय तो. उपकार नाही."

"मंग आपलं ते?"

"ते राहू दे. ते अलग हाय."

त्याने मान हलवली. सौदा झाला.

मी बैल सोडायला वाकलो तेव्हा काकांनी बाकावरून हाक मारली, "काय गा, दुपट्टा एवढा कोपरापर्यंत कायले ओढला?"

"माशा चावून राह्यल्या होत्या, काका."

"माशा," काका म्हणाले आणि काठीने जमिनीवर रेघा ओढत बसले.

तेवढ्यात एक तरुण दलाल हसत बाबूच्या मुलाकडे आला. मी हात दिला म्हणजे रस्ता मोकळा झाला, असं त्याला वाटलं. त्याने आपला दुपट्टा काढून हात पुढे केला. बाबूच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं.

"त्याचा आजचा सौदा झाला," मी तरुणाला म्हणालो.

"मंग पुढच्या बाजाराले?"

"पुढच्या बी बाजाराले मीच. त्याचा हात माह्या बिगर कोणी धरायचा नाही."

तरुण हसला. "पयले म्हणत होते कोणीच धरू नका, आता म्हणता मीच धरीन! भाऊ, तुमचं काही समजत नाही बाप्पा."

मी बैलांचे दोर धरून गाडीकडे निघालो. एरवी त्याला दोन शब्द सुनावले असते.

घरी येताना गाडी हळू चालवली, मागे बैल उभे होते. एका हाताने स्टिअरिंग धरून मी दुसऱ्या हाताची बोटं दाबून पाहिली, मग मनगट, मग कोपराखालचा भाग. सगळीकडे कळत होतं. निदान तिथे तरी.

मुलगी अंगणातच होती. बैल उतरवताना ती म्हणाली, "केवढी छान जोडी! कोणाची?"

"बाबूच्या पोराची."

ते नाव या घरात कसं घेतलं जातं, हे तिला ठाऊक आहे. 

"त्यानं माफी मागितली का?"

"नाही."

"मग?"

"बादली आण," मी म्हणालो. "उन्हातून आले बैल. पाणी पाजायचं हाय."