कांबळे मॅडमचा नकार

कांबळे मॅडम दुसऱ्याचा कोड वाचताना हातात लाकडी पट्टी धरायच्या. चूक दिसली की पट्टी टेबलावर फाडकन आपटायची. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात नवी मुलं त्या आवाजाने दचकायची. महिन्याला दोन पट्ट्या मोडायच्या.

आम्ही कारखान्यांतल्या यंत्रांच्या पडद्यांसाठी ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारे प्रोग्रॅम, लिहायचो. प्रत्येक नवं चित्र दाखवायला ड्रायव्हर यंत्राकडे मेमरी, म्हणजे चित्र ठेवायला जागा, मागतो. ती मिळाली नाही तर काय, एवढंच मॅडम विचारायच्या.

"मॅडम, असं सहसा होत नाही," मी एकदा म्हणालो.

"मागितलं की मिळायला ती काय तुमची सासुरवाडी आहे?"

मग त्या मुद्दाम मेमरी नाकारायची चाचणी लावायच्या. "आधी आपणच ठार मारायचं. कसा मरतो ते बघायचं." माझा ड्रायव्हर नकार मिळाला की गुपचूप जुनंच चित्र दाखवत राहायचा. मॅडमनी चुकांच्या यादीत नोंद केली : पडदा काळा करा, यंत्र थांबवा, खोटं दाखवू नका. काम द्यायची तारीख जवळ आली होती. 'नंतर बघू' लिहून मी नोंद बंद केली.

पुढे चाकणच्या एका कारखान्यात माझा ड्रायव्हर असलेल्या पडद्यावर 'प्रेस थांबला आहे' हे जुनंच चित्र दिसत असताना पत्रा दाबणारा प्रेस खाली आला. पवार नावाच्या कामगाराची चार बोटं पत्र्याबरोबर चेचली गेली.

मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले, "ऑपरेटरचा निष्काळजीपणा." मीही मान डोलावली. मॅडम टेबलाला वळसा घालून आल्या आणि माझ्या थोबाडीत मारली. चष्मा उडाला, ओठ फाटला. मॅनेजरांनी त्यांचा दंड धरला, तर त्यांनाही असं ढकललं की ते खुर्चीसकट पडले.

"याचं रक्त लगेच दिसलं तुम्हाला!"

दुसऱ्या दिवशी त्यांना काढलं. "मारलं ते चूकच. लिहून देते," त्या म्हणाल्या. निघताना माझ्यापाशी थांबल्या. "गाडी आहे ना? चला."

हॉस्पिटलात पवारांचा हात मनगटापर्यंत बांधलेला होता. उशाशी त्यांची बायको बसली होती.

"पडद्यावर तर थांबलंय म्हनत हुतं. समदी म्हनत्यात, माजीच चूक हाय. खरं हाय का?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही. चूक माझी आहे," मी म्हणालो.

पवारांनी डाव्या हाताने माझी कॉलर धरली आणि माझं डोकं पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटलं. एकदा, दोनदा. मग ते रडायला लागले. मॅडम सोडवायला आल्या नाहीत.

तिथेच बसून मी सगळं लिहून काढलं. मॅडमनी कागद वाचला, माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि एकच शब्द खोडला : 'अनवधानाने'. कागद पवारांच्या बायकोच्या हातात दिला आणि जिना उतरून गेल्या. त्यानंतर आमची भेट नाही.