कूर्चेचे डोहाळे

बंगळुरात बेळ्ळंदूरच्या एका खड्ड्यात माझी स्कूटर गेली आणि माझ्या गुडघ्यातही खड्डा पडला. हाडाच्या टोकावर जे गुळगुळीत अस्तर असतं, कूर्चा, तिचा एक टवकाच उडाला. ती आपणहून भरून येत नाही म्हणे. मग डॉक्टरांनी माझ्याच गुडघ्याच्या एका धडधाकट कोपऱ्यातून कूर्चेचा कण काढून प्रयोगशाळेत पाठवला. तिथे त्यातल्या पेशी वाढवायच्या आणि पुरेशा झाल्या की आणून खड्ड्यात बसवायच्या. जमलं, तर मी पुन्हा जमिनीवर मांडी घालून पेटी वाजवणार होते. नाही जमलं, तर चाळिशीतच खुर्ची, आणि खुर्चीवर बसून माझा हात चालत नाही.

हे सगळं मी अक्कांना समजावून सांगायला गेले. अक्का म्हणजे आमच्याच घरात राहणारी माझ्या नवऱ्याची थोरली आत्या. त्यांचं घराणं इतक्या पिढ्या बंगळुरात मुरलंय, की मराठी बोलता बोलता त्या कधी कन्नडमध्ये शिरतात ते त्यांनाही कळत नाही.

“म्हणजे तुझ्या अंगाचंच काहीतरी वाढतंय,” त्या म्हणाल्या, “आणि वाढलं की घरी आणायचं?”

“तसंच म्हणा.”

“सरी,” म्हणजे ठीक आहे, असं म्हणून त्यांनी मान डोलावली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

त्याच आठवड्यात ग्रहण होतं. मी भेंडी चिरायला बसले, तर अक्का काठी आपटत स्वयंपाकघरात हजर. “अय्यो, ठेव तो चाकू! तिकडे डबीत त्याला खाच पडेल!” पोटुशीने ग्रहणात चिरू नये, हा नियम त्यांनी सरळ माझ्या कूर्चेला लावला होता. मी पुण्याची, विज्ञान शिकलेली; वाद माझ्या जिभेच्या टोकावर होता. मग भेंडीच्या ढिगाकडे पाहिलं आणि चाकू गुपचूप नवऱ्याच्या हातात दिला.

पुढे डोहाळे सुरू झाले. काय खावंसं वाटतंय, असं अक्का विचारायच्या आणि मी निर्लज्जपणे नारळाच्या पोळ्या सांगायची. “लाज बाळग जरा,” नवरा म्हणायचा. पेशींना लागतं ते, असं मी तोंडातला घास न गिळताच सांगायची.

मग एक दिवस डॉक्टरांचा फोन आला. पेशी फार हळू वाढत होत्या. कदाचित पुन्हा कण काढावा लागणार होता. माझा सगळा आगाऊपणा उतरला. मी चक्क रडले. अक्कांनी पाठीवर हात फिरवला. “पहिलटकरणीचं स्वल्प मागेपुढे होतंच गं.” रडता रडता मला हसू फुटलं.

सुदैवाने पेशी वाढल्या. शस्त्रक्रिया झाली, कुबड्या झाल्या, व्यायामाचे कंटाळवाणे महिने झाले. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी मी सतरंजीवर मांडी घालून बसले आणि कशालाही हात न लावता उठले. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या.

अक्का खुर्चीतून बघत होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, “त्यातलं स्वल्प उरलंय काय गं?”

त्यांचे दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर होते. त्यांची कूर्चा पूर्ण झिजली होती. तिथे असलं ठिगळ टिकणार नाही, हे डॉक्टरांनी त्यांना माझ्यासमोरच सांगितलं होतं. मला फार वाईट वाटलं.

“नाही उरलं, अक्का.”

“तुझ्यापुरतंच आलं होय,” त्या म्हणाल्या, आणि उठण्यासाठी माझ्याकडे हात मागितला.