ड्रमर मात्र तोच

मी जर्मनीतल्या येना शहरात भिंगं तपासते. केसाहून बारीक चूक असली तरी ती शोधायची आणि बिनचूक भिंगावरच सही करायची, हे माझं काम. गेल्या हिवाळ्यात मात्र मी आठ मंगळवार एका इंग्लिश रॉक बँडचा इतिहास शिकवला, तोही जर्मनमध्ये.

इथे मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचे वर्ग चालतात, त्यांना फोल्क्सहोखशूले म्हणतात. विषय पटवून देता आला की कोणीही शिकवू शकतं. मी अर्ज भरला तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, ही माणसं तरुणपणापासून तो बँड ऐकतायत. तू त्यांना काय नवीन सांगणार?"

"कोण कधी आला, कोण कधी गेला, आणि का गेला. हे त्यांच्यातल्या कुणाला माझ्याइतकं माहीत नसणार."

ही बढाई नव्हती. नाशिकला कॉलेजात असताना माझ्याकडे त्या बँडच्या सहा कॅसेट होत्या. आतल्या घडीच्या कागदावर कोणी काय वाजवलं ते मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं असायचं. मैत्रिणी अभ्यासाच्या नोट्स वाचायच्या तसे मी ते कागद वाचायचे. दर कॅसेटला नावं वेगळी. गायक तीनदा बदलला. एक गिटारवाला दौरा अर्धवट टाकून घरी गेला. दोघं एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलत नव्हते, तरी एकाच स्टेजवर वाजवत होते. सुरुवातीपासून आजपर्यंत टिकला तो एकटा ड्रमर.

पहिल्या मंगळवारी नऊजण आले, सगळे माझ्याहून वयाने मोठे. पुढच्या बाकावर एक निवृत्त मास्तर होते. माझ्या तिसऱ्याच वाक्याला त्यांनी 'डेर' नाही, 'दास', अशी शब्दाच्या लिंगाची दुरुस्ती केली.

"आल्झो, बरं तर," मी म्हणाले, "डेर-दास तुम्ही सांभाळा, गिटारवाले मी सांभाळते." सगळे हसले, मास्तरही हसले, आणि वर्ग माझा झाला.

तिसऱ्या मंगळवारी एक बाई वर्ग संपल्यावर थांबल्या. जन्म याच गावात गेलेला, तोही भिंगं घासण्यात. पूर्व जर्मनी होती तेव्हा त्या बँडच्या रेकॉर्ड सहज मिळत नसत, म्हणून त्या पश्चिमेकडच्या रेडिओवरून गाणी टेप करायच्या. निवेदक बोलायचा थांबला की बटण दाबायचं. त्यामुळे गाणी मिळाली, त्यांची नावं नाहीत. मग त्यांनी स्वतःच नावं ठेवली होती: 'लाल छत्री', 'मामाची मोटार'. त्या गुणगुणायच्या आणि मी खरं नाव सांगायचे. दोन मंगळवारांत सगळी गाणी जुळली. एक सोडून.

"बर्लिनची भिंत पडल्यावर मी त्यांच्या सगळ्या रेकॉर्ड घेतल्या," त्या म्हणाल्या. "हे गाणं कशातच नाही."

पुढच्या वर्गाला त्यांनी टेप आणली. आम्ही सगळ्यांनी ऐकली. "हा तो काही महिनेच टिकलेला गायक," मास्तर ठामपणे म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. आवाज खरंच तसा होता. बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

मी पुन्हा लावायला सांगितलं आणि या वेळी गाण्याकडे लक्षच दिलं नाही, नुसता ड्रम ऐकला. आमचा ड्रमर प्रत्येक ठोका किंचित उशिरा टाकतो. गायक कोणीही असो, त्याची ही सवय गेलेली नाही. टेपवरचा माणूस थोडा घाईत होता.

"हा त्यांचा बँड नाही," मी म्हणाले.

बाईंनी टेप बंद केली. मग म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीला मी हेच लावलं होतं. त्याचा आवडता बँड म्हणून."

तरी मी शब्द मागे घेतला नाही. घरी नवरा म्हणाला, "हो म्हणून टाकायचं होतंस."

"ती बाई आयुष्यभर भिंगं घासत आली आहे," मी म्हणाले. "तिला खोटं बोलून मी काय मिळवणार होते?"

पुढच्या मंगळवारी त्यांची खुर्ची रिकामी होती. मी नीट शिकवलं, पण लक्ष दाराकडे होतं. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी प्रोजेक्टर जोडत असताना त्या आल्या, कोट न काढताच बसल्या.

"पंधरा दिवस ऐकतेय," त्या म्हणाल्या. "तुमचं बरोबर आहे. ठोका लवकर पडतो."

"वाईट वाटलं?"

"वाटलं. मग आठवलं, आमच्या घरी या गाण्यावर नाचायचा तो. बँड कुठला हे त्याने मला कधी विचारलं नव्हतं. हा त्याचा आवडता बँड, असं मीच धरून चालले होते." त्यांनी कोट काढून खुर्चीला अडकवला. "पण मग हे आहेत कोण?"

"मला माहीत नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या, "मलाही नाही."

शेवटचा वर्ग मी त्यांच्या हाती दिला. एकेक टेप घरोघर कशी फिरायची, प्रत्येक नकलेबरोबर खरखर कशी वाढायची, आणि ती खरखर गाण्याचाच भाग आहे असं त्या कितीतरी वर्षं कसं समजत होत्या, हे त्यांनी सांगितलं. मी मागच्या बाकावर बसून लिहून घेत होते. बँडचा हा भाग माझ्या कॅसेटच्या कागदांवर कुठेच नव्हता.

नव्या सत्राच्या पत्रकात शिकवणाऱ्या म्हणून आम्हा दोघींची नावं छापली आहेत. नोंदणी एवढी झाली की मोठी खोली मागावी लागली. मास्तरांनी पहिल्याच दिवशी नाव घातलं.