हात सैल सोडा, आक्का

शमीम गेल्याचं मला सूनबाईनं सांगितलं. मी शेंगा फोडत होते. "आत्या, बांगडीवाल्या भाभी गेल्या म्हणं. छातीत कळ आली." मी सुपातल्या शेंगा संपवल्या आणि मगच उठले. रडू आलं नाही. लाज वाटली… महिना झाला, अजून वाटते.

तीस वर्षं ती शिक्रापुरात आमच्या गल्लीत बांगड्या भरायला यायची. तिला माप सांगावं लागत नव्हतं. हात हातात घ्यायची, अंगठ्याच्या बुडाशी दाबत राहायची, आणि हात मऊ पडला की बांगडी मनगटावर कधी आली ते कळायचं नाही. बांगडी मात्र नेहमी एक माप लहान काढायची. सैल बांगडी बाईच्या हाताला शोभत नाही, असं तिचं ठाम मत. माझा हात कामानं राठ झालेला. "आक्का, हात सैल सोडा. हात हाय का मुसळ?" "तुझी जीभ मुसळ हाय," मी म्हणायची. मग चहा.

कोरोनात नातीचं लग्न घरातच उरकलं. माणसं मोजकी, पण हिरवा चुडा तर हवाच. शमीम तोंडाला रुमाल बांधून फाटकाशी आली, तेव्हा मीच म्हणाले, "आत येऊ नको. बांगड्या कट्ट्यावर ठेव." तिनं पेटी कट्ट्यावर टेकवली. मग तिनं पेटीतली एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी काढली, स्वतःच्या हातावर चढवली, वरून बांगडी सरकवली आणि पिशवी ओढून घेतली. "आसं करा. पोरीच्या लग्नापायी दावलं, आक्का. कुणाला सांगू नका. माझं पोट हाय ह्याच्यावर."

आठवडा झाला नाही तोच गिरणीत दळणाला बसलेल्या बायकांना मी ते करून दाखवलं. हुशारी मिरवायला… दुसरं काही कारण नव्हतं.

पुढं सगळं उघडलं. वडापावच्या गाड्यावर पुन्हा गर्दी झाली, कंपन्यांचे भोंगे वाजू लागले, भाड्याच्या खोल्या भरल्या. पण हात पुढे करायची बायकांची सवय मोडली ती मोडलीच. आता बांगड्यांचा डबा मोबाईलवरून मागवतात आणि पिशवी लावून घरीच भरतात. शमीमनं काही दिवस तळेगावच्या बाजारात बसून पाहिलं, मग ती सणसवाडीला एका कँटीनमध्ये कांदे चिरायला लागली.

शेवटची भेट जीपमध्ये झाली. तिच्या हाताला कांद्याचा वास होता. सवयीनं तिनं माझा हात दाबून पाहिला. "तुम्हीच सांगितलं न्हवं का समद्यांना?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. तीच म्हणाली, "जाऊ द्या. तुम्ही न्हाई तर मोबाईलनं सांगितलं आसतं."

खरं असेल. पण मोबाईलला तिनं विनवलं नव्हतं. मला विनवलं होतं. सणसवाडी आली, ती उतरली.

ती गेल्यावर घरच्यांना भेटायला गेले तर तिच्या सुनेनं कागदात बांधलेल्या डझनभर हिरव्या बांगड्या हातात दिल्या. "अम्मीनं आक्कांसाठी म्हणून ठेवल्या होत्या." घरी येऊन पिशवी लावली. पहिल्या दोन तडकल्या. एक माप लहान आहेत… ती हात दाबून मऊ करणार, हे धरून काढलेल्या. राहिलेल्या दहा बांगड्या डब्यात आहेत. रोज एकदा डबा उघडते, अंगठ्याचं बूड दाबून बघते. हात सैल पडत नाही.