अर्धा कोयता

परवा माळ्यावरची रेक्झिनची बॅग खाली काढली. चेन उघडली, तर लसणाचा आणि कारळ्याच्या चटणीचा वास! इतक्या वर्षांनीही! मी थेट पाथर्डीकडच्या आमच्या ओसरीवर जाऊन बसले.

तेव्हा ब्राझीलमध्ये ऊसतोड कामगारांचा संप चालू होता. त्यांना पाठिंबा द्यायला आमच्या युनियनची माणसं निघाली होती आणि त्यात माझं नाव होतं. जाऊबाई बॅगेत चटणी कोंबत होत्या. "तिथं आपल्यावानी तिखट मिळायचं न्हाई." तिथल्या बायांना दाखवायला म्हणून मी माझा कोयता घातला होता, तो युनियनच्या ताईंनी हसत काढला. "विमानात चालत नाही हो!"

मग ताई विमानतळाच्या गाडीसाठी यादी लिहायला बसल्या. "तुमच्याकडून किती?"

मी पटकन म्हणाले, "अर्धा कोयता."

ओसरी खदखदून हसली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटी बाई म्हणजे अर्धा. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी "एक" लिहिलं आणि कागद माझ्यापुढे धरला. मी त्या आकड्यावरून बोट फिरवलं.

तेवढ्यात आमचे हे दारातून म्हणाले, "आन मंग मी किती राह्यलो?"

पुन्हा हशा उसळला. मीही हसले. परवा बॅग झटकताना वाटलं, टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या लेखी तेही अर्धेच होते. फक्त तोवर त्यांना तसं कुणी म्हणालं नव्हतं.