गालापुरता खळगा

भाजलेलं जवस कुटायला घेतलं, की त्या तेलकट वासातून मला बीडमधलं बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या चाचांचं दुकान दिसू लागतं. आजोबांनी कुणाची तरी वापरलेली बंदूक घेऊन तिला खांद्याशी टेकवायचा बाभळीचा दस्ता स्वतः तासून बसवला होता, आणि बाबा रांगत होते तेव्हाच आजोबा वारले. तो दस्ता तडकला म्हणून बंदूक घेऊन बाबा आमच्या पाली गावाहून निघाले, तेव्हा मीही गाडीवर मागे बसले. वाटेत बिंदुसरा नदीचं पाणी उन्हात पेंगल्यासारखं पडलं होतं. “चाचा, माझ्या वडिलांच्या हातचा दस्ता आहे, घासून एकदम नवा करा,” बाबा म्हणाले. चाचांनी भेग सांधली, जवसाच्या तेलाचा बोळा फिरवला, तसं ते करडं लाकूड हळूहळू काकवीसारखं उजळलं आणि उजव्या अंगाला एक उथळ खळगा दिसला. “ह्यो न्हाई घासायचा, भाऊ,” चाचा म्हणाले, “बनवणाऱ्यानं आपल्या गालापुरता कोरलाय. उजव्या अंगाला हाय, म्हंजी तुमचे वालिद डावरे होते.” डाव्या हाताने लिहितो म्हणून शाळेत छड्या खाल्लेल्या बाबांनी ती रिकामी बंदूक डाव्या खांद्याला लावली, गाल खळग्यात टेकवला, आणि डोळे मिटून कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मी डाव्या हाताने वाढायला लागले की “हात बदल” म्हणून ओरडणारे बाबा त्या दिवसानंतर तसं कधीच म्हणाले नाहीत. आता बाबा नाहीत. बत्ता माझ्या डाव्या हातात आहे.